वारंवार मूत्रसंसर्ग होणाऱ्या ज्येष्ठ पुरुषांनी प्रोबायोटिक्स कसे वापरावेत

साठीनंतर मूत्रमार्गात पुन्हा पुन्हा संसर्ग होत असेल, तर प्रोबायोटिकच्या (शरीराला उपकारक मानल्या जाणाऱ्या जिवंत सूक्ष्मजीवांच्या) कॅप्सूल सुरू करण्याआधी मूत्राशय पूर्ण रिकामे होते की नाही, हे तपासून घ्यावे. प्रोस्टेट ग्रंथी वाढली की मूत्रनलिका दबते, लघवी करूनही काही मूत्र आतच साचून राहते आणि त्यात जिवाणूंची वाढ होते. ही अडचण प्रोबायोटिकची कोणतीही कॅप्सूल दूर करू शकत नाही. लघवीनंतर मूत्राशयात किती मूत्र उरते, हे सोनोग्राफीत कळते. त्यासोबत मधुमेह आणि मूतखडा यांचीही तपासणी करावी.

थंडी वाजून ताप आला, कुशीत दुखू लागले, लघवीतून रक्त गेले किंवा लघवी अडली, तर विनाविलंब डॉक्टरांकडे जावे. अँटिबायोटिकचा पहिला डोस घेण्यापूर्वी लघवीचा नमुना कल्चरसाठी (जिवाणू वाढवून ओळखण्याच्या तपासणीसाठी) द्यावा, कारण औषध सुरू झाल्यावर जिवाणू नेमका ओळखणे कठीण होते. याउलट, काहीही त्रास नसताना केवळ तपासणीत जिवाणू आढळले, तर उतारवयात बहुधा उपचारांची गरज नसते.

मूत्रसंसर्ग टाळण्यासाठी लॅक्टोबॅसिलस गटातील जिवाणूंचा अभ्यास झाला आहे तो प्रामुख्याने स्त्रियांमध्ये, कारण योनीमार्गात हे जिवाणू नैसर्गिकरीत्या असतात आणि तेथील आम्लता टिकवून अपायकारक जिवाणूंना अटकाव करतात. पुरुषांच्या शरीररचनेत ही व्यवस्थाच नाही. वैद्यकीय संशोधनाचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१५ च्या आढाव्यातही प्रोबायोटिक्समुळे मूत्रसंसर्ग टळतो असे सिद्ध झाले नाही. म्हणून डॉक्टरांनी दिलेले औषध बंद करून त्याऐवजी प्रोबायोटिक घेणे धोक्याचे आहे, हे मी आग्रहाने सांगेन.

प्रोबायोटिकचा खरा उपयोग होऊ शकतो तो अँटिबायोटिकमुळे होणारे जुलाब टाळण्यासाठी, आणि ज्येष्ठांना जुलाबाने लवकर अशक्तपणा येतो, म्हणून हा फायदा लहान मानू नये. लेबलवर जिवाणूचे पूर्ण नाव, स्ट्रेन (त्याचा नेमका उपप्रकार) आणि वापराच्या अंतिम तारखेपर्यंत टिकणारी जिवंत जिवाणूंची संख्या दिलेली असावी. जिवाणूजन्य प्रोबायोटिक आणि अँटिबायोटिक यांत किमान दोन तासांचे अंतर ठेवावे. सॅकरोमायसेस बुलार्डी हे यीस्ट असल्याने अँटिबायोटिकने मरत नाही, मात्र बुरशीविरोधी औषधासोबत ते घेऊ नये. केमोथेरपी सुरू असलेल्यांनी, अवयव प्रत्यारोपण झालेल्यांनी किंवा मोठ्या शिरेत नळी बसवलेल्यांनी डॉक्टरांच्या परवानगीशिवाय कोणतेही प्रोबायोटिक घेऊ नये, कारण क्वचित हे सूक्ष्मजीवच रक्तात शिरून गंभीर संसर्ग करतात.

रोजच्या सवयींकडेही तितकेच लक्ष द्यावे. लघवी झाल्यावर थोडे थांबून पुन्हा प्रयत्न करावा, म्हणजे साचलेले मूत्र कमी होते. बद्धकोष्ठतेचा ताणही मूत्राशयावर येतो, त्यामुळे तिच्यावर वेळीच इलाज करावा. सर्दीच्या काही गोळ्यांनी प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांची लघवी अडू शकते, म्हणून अशी गोळी घेण्यापूर्वी औषधविक्रेत्याला आपल्या प्रोस्टेटच्या त्रासाची कल्पना द्यावी.