शास्त्रज्ञाचे मत तोलावे कसे

नामवंत शास्त्रज्ञ सत्काराच्या भाषणात किंवा दिवाळी अंकातील मुलाखतीत देव, निवडणूक, भाषा, क्रिकेट अशा विषयांवर बोलतो, तेव्हा ऐकणाऱ्यांचे सहसा दोन तट पडतात. एक तट 'एवढा मोठा माणूस म्हणतो आहे' म्हणून मान डोलावतो आणि दुसरा 'त्याने आपली प्रयोगशाळा सांभाळावी' म्हणून पाठ फिरवतो. दोघांनीही त्याचे म्हणणे तपासलेले नसते. ते तपासता येते, आणि त्यासाठी शास्त्रज्ञ असण्याची गरज नसते.

सर्वप्रथम वाक्याचे मूळ शोधावे. 'देव फासे खेळत नाही' हे आइन्स्टाइनचे वचन कीर्तनापासून शाळेच्या फळ्यापर्यंत आस्तिकतेचा दाखला म्हणून वापरले जाते. मूळ वाक्य डिसेंबर 1926 मध्ये मॅक्स बॉर्न या भौतिकशास्त्रज्ञ मित्राला लिहिलेल्या पत्रात आहे. तेथे सृष्टिकर्त्याचा उल्लेख आपुलकीने 'म्हातारा' असा आहे आणि तक्रार आहे ती अतिसूक्ष्म कणांच्या भौतिकीतील, म्हणजे पुंजयामिकीतील (क्वांटम मेकॅनिक्स), संभाव्यतेविषयी. धर्माविषयीचे त्यांचे मत हवे असेल तर ते 1929 सालच्या उत्तरात शोधावे लागते. न्यूयॉर्कच्या एका रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, तारेने 'तुम्ही देव मानता का' असे विचारले असता, सृष्टीच्या सुसंगतीत प्रकटणारा, तत्त्वज्ञ स्पिनोझाने मांडलेला देव आपण मानतो, माणसांच्या नशिबात आणि कृत्यांत लक्ष घालणारा देव मानत नाही, असे त्यांनी कळवले. कोणाला, केव्हा आणि कशाविषयी लिहिले हे कळताच निम्मा वाद मिटतो.

त्यानंतर मताचे दोन तुकडे करावेत: काय आहे आणि काय असावे. खगोलभौतिकीतील शास्त्रज्ञ मेघनाद साहा 1952 मध्ये अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून आले आणि त्याच वर्षी नेमलेल्या पंचांग सुधारणा समितीचे अध्यक्षही झाले. उत्तरायण 22 डिसेंबरच्या सुमारास सुरू होते आणि आपण संक्रांत 14 जानेवारीला करतो, हा आकाशातील हिशेब आहे. त्यावर साहांचा शब्द अधिकाराचा होता. लोकांनी सण कोणत्या दिवशी करावेत, हा मात्र प्रथेचा आणि श्रद्धेचा प्रश्न आहे. तेथे साहांना एका नागरिकाइतकाच आवाज होता. 22 मार्च 1957 रोजी, म्हणजे 1 चैत्र शके 1879 या दिवशी, समितीने सुचवलेली राष्ट्रीय दिनदर्शिका सरकारी कामकाजात आली. तिळगूळ आपण आजही 14 जानेवारीच्या सुमारासच वाटतो.

यापुढचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून त्यावर थोडे रेंगाळतो: या मतासाठी बोलणाऱ्याने स्वतः काय तोलले आहे? जयंत नारळीकरांचा फलज्योतिषाला विरोध सर्वांना ठाऊक होता, पण ते केवळ भाषण करून थांबले नाहीत. 2008 मध्ये त्यांनी सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांच्यासह एक चाचणी घेतली. शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या कुंडल्या मांडल्या गेल्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यांतील चाळीस पाठवून कोणती कुंडली कोणत्या गटातील आहे एवढेच ओळखायला सांगितले. उत्तरे पाठवली 27 जणांनी. सरासरी यश सुमारे 46 टक्के होते, म्हणजे नाणे उडवून येईल त्याहून थोडे कमीच, आणि सर्वांत यशस्वी ज्योतिषाची चाळीसपैकी 24 उत्तरे बरोबर आली. यशासाठी किमान 28 हवीत, असा निकष होता. त्यामुळे या विषयावरचे नारळीकरांचे म्हणणे खगोलशास्त्रज्ञाचे फावल्या वेळातील मत उरले नाही.

गोव्यात जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी तर अक्षरशः तोलले. ते गणिताचे प्राध्यापक होते. नाणे हातोहात फिरते तसे झिजते, म्हणजेच हलके होते. तेव्हा पुरेशा नाण्यांची वजने घेतली तर कोणते किती काळ चलनात होते याचा अंदाज संख्याशास्त्राने बांधता येईल, असा त्यांचा विचार होता. तो आधी त्यांनी आपल्या काळातील चलनी नाण्यांवर पडताळून पाहिला आणि मग तक्षशिलेच्या प्राचीन चांदीच्या आहत, म्हणजे ठसे मारून घडवलेल्या, नाण्यांकडे वळले. तराजूवर एकेक नाणे ठेवून वजन टिपणाऱ्या या गणितज्ञाला 'इतिहास हा तुमचा विषय नव्हे' असे म्हणण्याचा अधिकार कोणाला होता?

उलट बाजूही याच कोसंबींकडे आहे. 1959 मध्ये त्यांनी गणितातील सुप्रसिद्ध रीमान गृहीतकाची सिद्धता दिल्याचा दावा शेती-संख्याशास्त्राच्या नियतकालिकातून केला आणि तो चुकीचा ठरला. म्हणून 'स्वतःच्या विषयात बोलतो आहे ना' एवढ्यावरही निर्धास्त राहू नये. पदकांचेही तसेच. लायनस पॉलिंग यांना दोन नोबेल पारितोषिके मिळाली होती. तरीही भरपूर क जीवनसत्त्व घेतल्याने सर्दी टळते हा त्यांचा आग्रह सर्वसामान्य लोकांवरील चाचण्यांत टिकला नाही.

आवडीनिवडीला ही कसोटी लावू नये. जी. एच. हार्डी हे केंब्रिजचे गणितज्ञ क्रिकेटवेडे होते आणि श्रेष्ठ गणितज्ञांना ते 'ब्रॅडमनच्या तोडीचे' म्हणत. त्याचा पुरावा मागायचा नसतो. तो आनंदाने ऐकायचा असतो.

शेवटी, असे मत दुसऱ्याला सांगताना त्याच्या कामासकट सांगावे. 'नारळीकर ज्योतिष मानत नसत' असे सांगितले, तर घरातील वडीलधारे 'ते त्यांचे मत' म्हणून पानावरून उठतात. तेथेच 'चाळीस कुंडल्यांपैकी सर्वांत यशस्वी ज्योतिषालाही 24च ओळखता आल्या' असे सांगून पाहावे. मग काकाही विचारतात की कुंडल्या कोणी मांडल्या, जन्मवेळा कोठून मिळाल्या, 28चाच निकष का. आणि हे प्रश्न अगदी योग्य असतात.