धावपट्टीचे तडे तपासताय? या चुका टाळा

पुण्यातल्या लोहगावची धावपट्टी हवाई दलाची, आणि प्रवासी विमानंही तिथूनच उडतात. अशा ठिकाणी तपासणीला मिळेल ती वेळ पदरात पाडून घ्यायची सवय लागते. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो.

एप्रनवरच्या, म्हणजे विमानं उभी राहतात त्या जागेच्या, काँक्रीट स्लॅबचा सांधा एप्रिलच्या दुपारी तपासू नका. उन्हात स्लॅब प्रसरण पावतात, सांधा आवळतो आणि आतले डॉवेल (दोन स्लॅब जोडणारे लोखंडी दांडे) निकामी असले तरी शेजारचा स्लॅब भार उचलतो. समजा भाराखालचा स्लॅब ४०० मायक्रॉन दबला आणि शेजारचा ३६०, तर भारवहन, म्हणजे शेजारच्या दबण्याचं भाराखालच्याशी प्रमाण, ९० टक्के दिसेल. पहाटे तोच सांधा ५० टक्क्यांवर येऊ शकतो. एचडब्ल्यूडीची (वजन टाकून स्लॅब किती दबतो ते मोजणाऱ्या यंत्राची) ३०० मिलिमीटर व्यासाची प्लेट सांध्याला अगदी खेटून ठेवा, म्हणजे मधला सेन्सर आणि ३०० मिलिमीटरवरचा सेन्सर सांध्यापासून सारख्याच अंतरावर येतात. प्लेटखाली एखादा खडा राहिला, तर ते रीडिंग बाद समजा.

गंमत म्हणजे कोपऱ्याखालची पोकळी शोधायला हीच पहाट दगा देते. स्लॅबचा वरचा भाग गार, तळ गरम. कोपरे आपोआप उचलतात आणि नसलेली पोकळी दिसते. त्यासाठी वरचं-खालचं तापमान जवळपास सारखं असेल ती वेळ गाठा. तीन वेगवेगळे भार टाका. भार आणि डिफ्लेक्शनची, म्हणजे स्लॅब किती दबला त्याची, रेषा शून्याच्या बरीच बाजूने गेली, तर पोकळीचा संशय घ्या. स्लॅबला बारीक भोक पाडून त्यात थोडं तेल घालून थर्मामीटर ठेवायचा कंटाळा करू नका. हवेचं तापमान लिहून भागत नाही.

अल्ट्रासॉनिक ध्वनिलहरींनी तड्याची खोली काढायची असेल, तर पावसानंतर लगेच जाऊ नका. तड्यात पाणी असलं की लहरी तड्याच्या टोकाला वळसा न घालता पाण्यातूनच पार होतात आणि खोल तडा उथळ वाटतो.

जीपीआरकडून (जमिनीत लहरी सोडणाऱ्या रडारकडून) केसाएवढ्या तड्याची अपेक्षा ठेवू नका. थरांची जाडी आणि साचलेला ओलावा सांगायला ते चांगलं. पण जाडीसुद्धा कोअरशी, म्हणजे भोक पाडून काढलेल्या गोल नमुन्याशी, ताडून पाहिल्याशिवाय अहवालात घालू नये.

‘आपली तपासणी विनाविध्वंसक, मग कोअर कशाला?’ हा वाद मला कधीच पटला नाही. डांबरी थरातला तडा वरून खाली गेलाय की खालून वर आलाय, हे नेमक्या तड्यावर घेतलेला कोअर जितकं स्पष्ट दाखवतो तितकं दुसरं काही दाखवत नाही. वरून आलेला असेल तर वरचा थर खरवडून भागू शकतं. खालून आला असेल तर नुसता नवा थर टाकून तो पुन्हा वर येणारच. मात्र भोक नीट भरून, खडे झाडून मगच पट्टी परत द्या. इंजिनाने खडा ओढला, तर तुमचा अहवाल कोणी उघडूनही बघणार नाही.