खडकीची लढाई, क्यूजीआयएस आणि सोळावा अंक

पुण्यात जिओइन्फर्मेटिक्सच्या (संगणकावर नकाशे आणि भौगोलिक माहिती हाताळण्याच्या शास्त्राच्या) दुसऱ्या वर्षाला असताना प्रोजेक्टसाठी मी खडकीची लढाई निवडली. ५ नोव्हेंबर १८१७. गणेशखिंडीकडून पेशव्यांचे सेनापती बापू गोखले यांचं सैन्य, खडकीकडून इंग्रजांच्या कर्नल बरच्या पलटणी, आणि पर्वतीवरून लढाई पाहणारा पेशवा दुसरा बाजीराव. सगळ्या जागा रोजच्या येण्याजाण्यातल्या, त्यामुळे क्यूजीआयएस या नकाशे करण्याच्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये नकाशा आठवड्यात उरकेल असं वाटलं होतं. लागले अडीच महिने, आणि त्यातला निम्मा वेळ लष्करी चिन्हं समजून घेण्यात गेला. या कामात नव्याने येणाऱ्यांचा तेवढा वेळ वाचावा म्हणून हे लिहिते आहे.

नकाशांच्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये लष्करी चिन्हांची दोन मानकं भेटतात: अमेरिकेचं मिल-एसटीडी-२५२५ आणि नाटोचं एपीपी-६. दोन्ही एकमेकांच्या खूप जवळची आहेत. भारत नाटोत नाही, तेव्हा हीच आपल्या सैन्याची चिन्हं आहेत असं मात्र समजू नका. ती शिकायची कारण तयार साधनं त्यांच्यावर बांधलेली आहेत.

चिन्ह बाहेरून आत वाचायचं. आधी चौकट. जमिनीवरची तुकडी आपली असेल तर आडवा आयत, शत्रूची असेल तर टोकावर उभा चौकोन, तटस्थ असेल तर साधा चौरस, आणि कोणाची ते माहीत नसेल तर चार पाकळ्यांचं फूल. निळा, लाल, हिरवा, पिवळा हे रंग त्यानंतर येतात. चौकटीच्या आत काम दिसतं: पायदळाला फुली, तोफखान्याला भरीव ठिपका, रणगाड्यांना पट्ट्यासारखा लांबट गोल. चौकटीच्या डोक्यावर तुकडी किती मोठी ते दिसतं: तीन ठिपके म्हणजे प्लाटून, एक उभी रेघ कंपनी, दोन रेघा पलटण (बटालियन), एक फुली ब्रिगेड, दोन फुल्या डिव्हिजन. फुली आत असली तर पायदळ आणि वर असली तर ब्रिगेड, हे एकदा डोक्यात बसलं की वाचनाला वेग येतो.

‘आपला’ कोण, हे नकाशा कोणाच्या बाजूने काढला आहे त्यावर ठरतं. मी पेशव्यांच्या बाजूने काढला, म्हणून बरच्या पलटणी लाल झाल्या. तेच इंग्रजांच्या बाजूने काढलं तर सगळं उलटं होईल, आणि तेही तितकंच बरोबर असेल. नकाशाच्या कोपऱ्यात ही बाजू लिहून ठेवा. घोडदळाचीही एक अडचण आली. जुन्या घोडदळाची एकच तिरकी रेघ आजच्या मानकात टेहळणीची समजली जाते. गोखल्यांचे स्वार दलदलीत अडखळले ते हल्ला चढवताना, टेहळणी करताना नव्हे. म्हणून नकाशाच्या चिन्हसूचीत ‘तिरकी रेघ : घोडदळ, १८१७’ अशी स्पष्ट ओळ घातली. मानक आजच्या सैन्यासाठी आहे. इतिहासावर लावताना असा खुलासा द्यावाच लागतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. चिन्ह हे चित्र म्हणून साठवू नका, कोड म्हणून साठवा. २५२५च्या सी आवृत्तीपर्यंत हा कोड पंधरा अक्षरांचा होता. २०१४च्या डी आवृत्तीत तो वीस अंकी झाला. आपल्या पायदळाच्या पलटणीचा कोड असा: १००३१०००१६१२११०००००० (टाइप करताना इंग्रजी अंक वापरायचे). पहिले दोन अंक आवृत्तीचे. चौथा ३ म्हणजे मित्र, म्हणजेच ‘आपला’. तिथे ६ घातलात की शत्रू. पाचवा-सहावा मिळून १० म्हणजे जमिनीवरची तुकडी. नववा-दहावा मिळून १६ म्हणजे पलटण. पुढचे सहा अंक, १२११००, म्हणजे पायदळ. एक अंक बदलला की चौकट, रंग सगळं आपोआप बदलतं. शंभर चित्रं हाताने बदलत बसलेल्या माणसालाच याची किंमत कळते, आणि प्रोजेक्टच्या पहिल्या महिन्यात मी तेच केलं होतं.

पण वीस अंकांचा हा कोड एक्सेलमध्ये सांभाळावा लागतो. पहिल्या नोकरीत एका काल्पनिक सरावाचा नकाशा करायचा होता. यांत्रिक पायदळाच्या (चिलखती गाड्यांतून जाणाऱ्या पायदळाच्या) कोडमध्ये १२११०२ येतं. मी यादी एक्सेलमध्ये भरली, तर सेलमध्ये १.००३१ई+१९ असं काहीतरी दिसायला लागलं. म्हणून कॉलमला ‘नंबर’ फॉरमॅट दिला, पूर्ण वीस अंक दिसले आणि मी निश्चिंत झाले. एक्सेल संख्येचे पहिले पंधरा अंकच जपतं आणि पुढे शून्यं भरतं. यांत्रिक पायदळाचा तो २ नेमका सोळावा. नकाशावर सगळ्या यांत्रिक पलटणींच्या फुलीभोवतीचा लांबट गोल गायब झाला आणि साधं पायदळ उरलं. एररचा संदेश कुठेही नाही, कारण नवा कोडही वैध होता. दोन दिवसांनी एका सहकाऱ्याच्या लक्षात आलं. तेव्हापासून कॉलम आधी ‘टेक्स्ट’ करायचा, मगच भरायचा. क्यूजीआयएसमध्ये सीएसव्ही (टेबलाची साधी मजकूर-फाइल) घेतानाही या कॉलमचा प्रकार टेक्स्टच आहे ना, ते बघायचं. जावास्क्रिप्ट या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत हा कोड कायम अवतरणचिन्हांत लिहायचा.

कोडवरून चिन्ह काढायला मिलसिम्बॉल ही मुक्त जावास्क्रिप्ट लायब्ररी सुरुवातीला पुरेशी आहे. ती अक्षरी आणि अंकी दोन्ही कोड घेते आणि एसव्हीजी, म्हणजे कितीही मोठं केलं तरी स्पष्ट राहणारं चित्र, देते. क्यूजीआयएसमध्ये त्या फायली एसव्हीजी मार्कर (बिंदूवर दिसणारं चिन्ह) म्हणून लावायच्या आणि फाइलचा पत्ता टेबलातल्या कॉलमवरून घ्यायचा. आर्कजीआयएस प्रो या दुसऱ्या नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये डिक्शनरी सिम्बॉलॉजी ही सोय हेच काम परस्पर करते. पुण्याचं काम असेल तर प्रोजेक्शन (गोल पृथ्वी सपाट नकाशावर बसवण्याची पद्धत) यूटीएम ४३ उत्तर निवडायचं.

मुख्यालयाच्या चिन्हाला डाव्या बाजूने खाली एक दांडी असते. माझा छापील नकाशा मी आमच्या सोसायटीतल्या एका निवृत्त सुभेदार काकांना दाखवला. त्यांनी चष्मा लावला, बोट ठेवलं आणि विचारलं, “पोरी, हे मुख्यालय नदीत आहे का?” दांडीचं खालचं टोक जिथे टेकतं ती खरी जागा, आणि मी चिन्हाचा मध्य त्या जागेवर ठेवला होता. साहजिकच दांडी मुळेच्या पात्रात उतरली होती. बाकी तुकड्यांना मध्यच धरायचा. मुख्यालयाला दांडीचं टोक. मिलसिम्बॉल हा टेकू-बिंदू काढून देतं, तो मार्करच्या ऑफसेटमध्ये (चिन्ह किती सरकवायचं त्या मापात) वापरायला विसरू नका.

हद्दी, चढाईची दिशा, टप्प्यांच्या रेषा ही बिंदूंची चिन्हं नाहीत. त्यांना रेषेचा वेगळा लेयर (नकाशाचा थर) लागतो. आणि सराव कायम ऐतिहासिक किंवा काल्पनिक माहितीवरच करा. आजच्या छावण्या, डेपो यांना हात लावू नका, पुण्यात तर अजिबातच नाही.

पहिल्या आठवड्यात एवढंच करा: मित्र आणि शत्रूच्या प्रत्येकी पाच तुकड्या, एक मुख्यालय, दोन रेषा. प्रिंट काढा आणि अप्पा बळवंत चौकात त्याची काळी-पांढरी झेरॉक्स काढून आणा. रंग गेल्यावरही कोण कोणाचं हे चौकटींवरून ओळखता आलं, तर पुढच्या लेयरला लागा.