लर्चरचं पिल्लू सशामागे सोडताय? या चुका टाळा

लर्चर म्हणजे सशामागे धावणारा संकरित शिकारी कुत्रा. त्याच्या बाबतीतली पहिली चूक आपल्या भाषेतच आहे. मराठीत ‘ससा’ हा एकच शब्द. आपल्या माळावर गवतात दबून बसतो तो रानससा इंग्लंडमधल्या ‘हेअर’चा भाऊबंद, आणि बिळं करून राहतो तो ‘रॅबिट’ वेगळा. इंग्लंड-वेल्समध्ये 2004 च्या हंटिंग अ‍ॅक्टनुसार कुत्र्याने हेअरची शिकार करणं गुन्हा आहे, आणि 2022 पासून शिक्षाही कडक झाली आहे. रॅबिटला मात्र जमीनमालकाची परवानगी असेल तर कुत्रा लावता येतो. 1954 च्या पेस्ट्स अ‍ॅक्टने रॅबिटचा बंदोबस्त शेत कसणाऱ्याच्याच गळ्यात घातला आहे, त्यामुळे नीट विचारलं तर परवानगी मिळते. ती खिशात लेखी ठेवा. भारतात 1972 च्या वन्यजीव कायद्याने रानसशाची शिकार बंद आहे. गावाकडे कारवान किंवा पश्मी हे आपले शिकारी कुत्रे पाळणाऱ्यांनी यातलं पिल्लू वाढवण्याचं तेवढं घ्यावं, शिकारीचं सोडून द्यावं. इथून पुढे ससा म्हणजे बिळातला.

लर्चर ही काही एक जात नव्हे. ग्रेहाउंड किंवा व्हिपेटसारखा वेगवान कुत्रा आणि कॉली किंवा टेरियर यांचा हा संकर. मी उत्तर इंग्लंडमधल्या नॉर्थम्बरलंडमध्ये राहतो. बेडलिंग्टन टेरियरला ज्याचं नाव मिळालं ते गाव इथलंच, म्हणून माझी चिंगी बेडलिंग्टन-व्हिपेट. नवखे लोक उंच, ग्रेहाउंडच्या अंगाचं पिल्लू उचलतात. ससा मैलभर पळत नाही, जवळच्या कुंपणापर्यंत किंवा बिळापर्यंत पळतो आणि वाटेत दोनदा वळतो. त्याला चटकन उठणारं, जागच्या जागी वळणारं, लहान चणीचं कुत्रं बरं.

आता सगळ्यात महाग पडणारी चूक. सहा-सात महिन्यांचं पिल्लू दिसायला पुरं वाढलेलं दिसतं, पण त्याच्या हाडांची टोकं अजून कोवळी असतात. मी चिंगीला सातव्या महिन्यात रात्री बॅटरीच्या झोतात सोडलं. ससे कुंपणाखालून पसार, आणि ही अलीकडे उभी राहून केकाटते आहे. चौथ्या रात्री ससा दिसताक्षणीच भुंकायला लागली. भुंकणारं कुत्रं म्हणजे अख्खं शेत जागं! हा दोष एकदा लागला की पुरता जात नाही. मी सगळं बंद केलं, हिवाळाभर फक्त फिरणं आणि शिकवणं, आणि पुढच्या वर्षी दिवसा, कुंपणापासून लांब बसलेल्या सशांवर सुरुवात केली. आता कमी भुंकते, एवढंच म्हणेन. त्यापेक्षा वर्षाचं होईपर्यंत थांबा, उंच कुत्र्याला आणखी काही महिने द्या. सुरुवातीला रात्री दोन-तीनच धावा, त्याही जमतील अशा. ‘अजून एक’ म्हणण्याचा मोह झाला की घरी चला.

धावणं त्याच्या रक्तात असतं. शिकवायचं असतं ते परत येणं. बरेच जण पिल्लाला हाक मारतात ती फक्त पट्टा लावून घरी न्यायला. हाक म्हणजे खेळ संपला, हे पिल्लू आठवड्यात ओळखतं. दहा वेळा बोलवा, नऊ वेळा कुरवाळून पुन्हा सोडा.

आणून देण्याची गोडी घरातच लागते किंवा मोडते. पिल्लू तुमची चप्पल तोंडात धरून आलं तर ओरडू नका. कौतुक करा, हळूच काढून घ्या, आणि चपला वर ठेवायला शिका, तेही तुम्हीच. ओढाओढीचा खेळ खेळू नका, त्याने जबडा आवळायची सवय लागते आणि मग ससा बरगड्या मोडलेला हातात येतो. ससा धरून ते तुमच्याभोवती घिरट्या घालतंय? त्याच्या मागे धावू नका, पाठ फिरवून चालू लागा किंवा खाली बसा. ससा जिवंत आला तर क्षणात संपवता आला पाहिजे. ते जाणत्याकडून आधी शिकून घ्या.

मेंढ्यांकडे दुर्लक्ष करायला लहानपणीच, पट्ट्यावर, शांतपणे शिकवा. पिल्लाला मेंढ्याबरोबर कोंडून धडक खाऊ द्यायचा जुना उपाय कोणी सांगेल, ऐकू नका. मेंढ्यांच्या मागे लागलेल्या कुत्र्याला गोळी घालायची मुभा ठरावीक परिस्थितीत कायदा शेतकऱ्याला देतो. बिळात फेरेट (सशांना बाहेर हुसकावणारा, मुंगसासारखा पाळीव प्राणी) सोडणार असाल तर त्याच्याशीही ओळख याच वयात करून द्या, नाहीतर बिळाच्या तोंडाशी लावलेल्या जाळीत अडकलेला फेरेटच मरेल.

रात्रीच्या कामाला अंधारी, वाऱ्याची रात्र हवी; चांदण्यात ससे लांबूनच पाहतात. झोत सारखा भिरभिरवला तर पिल्लू सशाऐवजी उजेडाच्या मागे लागतं. शेत दिवसा चालून बघा. काटेरी तार कुठे आहे हे ठाऊक नसेल तर तिथे सोडू नका, या कुत्र्यांची कातडी कागदासारखी फाटते.

पोटभर जेवण घालून धावायला नेऊ नका, पोट फुगून पिळ पडू शकतो. सशाची आतडी खाऊ देऊ नका, पट्टकृमी होतात. कॉलीचं रक्त असेल तर आयव्हरमेक्टिन देण्याआधी डॉक्टरांना सांगा, त्यातल्या काही कुत्र्यांना ते सोसत नाही. भूल द्यायची वेळ आली तर हे लर्चर आहे हेही सांगा. या सडपातळ कुत्र्यांवर काही औषधांचा अंमल फार वेळ राहतो.

आणि डोळे सुजून मिटलेला, हललाही नाही असा ससा दिसला तर तो मिक्सोमॅटोसिसचा. 1953 मध्ये ब्रिटनमध्ये आलेला हा रोग अजून अधूनमधून उसळतो. कुत्र्याला तो लागत नाही, पण पिल्लाची पहिली शिकार म्हणून असला ससा देऊ नका. पिल्लू पट्ट्यावर ठेवा आणि त्या जिवाला तुम्हीच संपवून यातनांतून सोडवा.