प्रदर्शनासाठी बैल-गायीचं अंग तयार करताना: ठाण्याच्या दमट हवेतली सहा आठवड्यांची तयारी

आदल्या रात्री खोबरेल चोळून आणलेली तकाकी उन्हात तासभरही टिकत नाही. तिच्यावर धूळ बसते, आणि परीक्षकाने पाठीवरून हात फिरवला की तळहात चिकट होतो. खरी तकाकी पोटातून आणि खराऱ्यातून, म्हणजे रोज अंग घासण्यातून येते आणि तिला किमान सहा आठवडे लागतात. पौष पौर्णिमेच्या सुमाराला मुरबाडजवळ म्हसा यात्रेत जनावर उभं करायचं असेल, तर कार्तिक अमावास्येलाच कामाला लागा. तालुक्याच्या पशुप्रदर्शनाचा हिशेबही असाच, तारखेच्या मागे सहा आठवडे मोजा.

परदेशी व्हिडिओत ब्लोअरने केस फुगवून, फवारा मारून पाय जाड दाखवतात. ते लांब केसांच्या थंड मुलखातल्या जातींचं काम आहे. खिल्लार, डांगी, गीर या आपल्या देशी जातींचे केस आखूड आणि अंगाला चिकटलेले असतात. इथे घट्ट कातडी आणि सपाट बसलेला, तुकतुकीत केस पाहिला जातो.

आधी खाणं आणि जंत

ठाणे जिल्ह्यात भाताचा पेंढा मुबलक, म्हणून गव्हाणीत तोच जास्त पडतो. पेंढ्यात प्रथिनं जेमतेम तीन-चार टक्के. नुसत्या पेंढ्यावरच्या जनावराचा केस कितीही घासला तरी राठ राहतो. हिरवा चारा, सरकी किंवा शेंगदाणा पेंड आणि रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण सुरू करा. जवस द्यायचा असेल तर १०० ग्रॅम पुरे. लिटरभर पाण्यात दहा मिनिटं चांगला उकळा आणि गार करून पेंडीत मिसळा. कोमट पाण्यात नुसता भिजवून ठेवू नका, तशाने त्यात विषारी सायनाइड सुटतं. दहा मिनिटं नीट उकळलं की तो धोका जातो.

काळा रंग तांबूस पडला असेल तर आधी नीट बघा. फक्त पाठीचा वरचा भाग तांबूस असेल तर तो उन्हाचा परिणाम, दुपारी सावलीत बांधलं की नवा केस काळा येतो. डोळ्यांभोवती चष्म्यासारखं फिकट वलय दिसत असेल तर तांब्याची कमतरता असू शकते. त्यासाठी मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार, स्वतःच्या अंदाजाने पाजू नका. जास्त झालं तर ते विष आहे, त्यामुळे डॉक्टरांना विचारून मात्रा ठरवा.

जंताचं औषध पहिल्याच आठवड्यात द्या, शेवटच्या आठवड्यात देऊन केसाला काही उपयोग नाही.

गोचीड

पावसाळा संपल्यावर इथल्या गोठ्यांत गोचीड फार. कानाची आतली बाजू, पोळीच्या (गळ्याखालच्या लोंबत्या कातडीच्या) घड्या, कास, जांघ आणि शेपटीखालची जागा बोटांनी चाचपून बघा, डोळ्यांना सगळं दिसत नाही. अमिट्राझ १२.५ टक्के हे औषध साधारण लिटरला २ मिली या प्रमाणात फवारतात. डोळे, नाकपुड्या, जखमा टाळा, हातमोजे घाला आणि जनावर वाळेपर्यंत सावलीत ठेवा. फवारण्याआधी त्याला पोटभर पाणी पाजा, म्हणजे ओलं अंग चाटणार नाही. दुभत्या गाईला औषध देण्याआधी दूध किती दिवस वापरायचं नाही ते डॉक्टरांकडून समजून घ्या. तबेल्यात घोडा असेल तर त्याला हे औषध अजिबात लागू देऊ नका.

जनावरावरचे गोचीड मेले म्हणजे काम संपलं असं नाही. पोट भरलेली मादी खाली पडते आणि भिंतीच्या भेगांत, दगडाखाली अंडी घालते. भेगा सिमेंटने बुजवा, गोठा झाडून गव्हाणीखालचा कचरा जाळा, भिंतींवर फवारा मारा, आणि दोन आठवड्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने पुन्हा. प्रदर्शनाच्या आधीच्या दहा दिवसांत फवारणी ठेवू नका, कातडी कोरडी पडून कोंडा दिसतो.

खरारा

रोज पंधरा-वीस मिनिटं. एक दिवस तासभर आणि मग चार दिवस काही नाही, याने काही होत नाही. लागतं एवढंच: रबरी खरारा, मध्यम कडक ब्रश, सुती कापड. लोखंडी खरारा फक्त वाळलेल्या शेणासाठी, तोही हलक्या हाताने.

मानेपासून सुरू करा. रबरी खरारा गोल-गोल फिरवत मागे जा. मांसल भागावर, म्हणजे मान, खांदा, बरगड्या, पुठ्ठा इथे थोडा दाब द्या. पाठीचा कणा, कमरेची हाडं, गुडघे, तोंड इथे खरारा नको, तिथे नुसता ब्रश. वशिंडाच्या मागच्या खाचेत आणि पोळीच्या घड्यांत मळ साठतो. पोळी एका हाताने ताणून धरली तरच ती घडी उघडते. गोल फिरवल्याने सुटलेला कोंडा मग ब्रशने केसांच्या दिशेने झाडा. दर चार-पाच हातांनी ब्रश खराऱ्यावर घासून मोकळा करा, नाहीतर तीच धूळ पुन्हा अंगावर बसते. शेवटी कोरड्या सुती कापडाने दाबून पुसा. कातडीतलं नैसर्गिक तेल केसाच्या टोकापर्यंत पोचतं ते या शेवटच्या पुसण्याने. पाय घासायला घेण्याआधी हात खांद्यावरून खाली सरकवत न्या. थेट पायाला हात लावला की लाथ बसते.

अंघोळ

आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा. भांडी घासायचा साबण आणि कपड्यांची पावडर तेल ओरबाडून काढतात आणि दोन दिवसांत कोंडा येतो. डांगी जनावराच्या बाबतीत हे विशेष सांभाळा. त्याची कातडी स्वतःच तेलकट असते, सह्याद्रीच्या पावसात तेच त्याचं छत्र. ते तेल साबणाने घालवून वर बाटलीतलं तेल चोळणं म्हणजे उलटा कारभार.

रिठा चांगला. शंभर ग्रॅम रिठ्याची फळं बिया काढून दोन लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी कुस्करून गाळा. एका मोठ्या जनावराला पुरतो. डोळ्यांत गेला तर फार झोंबतो, म्हणून तोंड नुसत्या ओल्या फडक्याने पुसा. फेस नीट धुऊन काढा. राहिलेला रिठा किंवा शाम्पू हे खाज आणि कोंड्याचं सगळ्यात मोठं कारण.

पाण्याकडेही लक्ष द्या. नवी मुंबईत आणि खाडीकाठच्या गावठाणांत बोअरचं पाणी मचूळ असतं. काळ्या अंगावर ते वाळलं की पांढरट थर दिसतो. शेवटचं पाणी तरी नळाचं घ्या.

पांढऱ्या खिल्लारच्या मांड्यांवर शेणामुताचे पिवळे डाग पडतात. आधी भाग ओला करा, खाण्याच्या सोड्याची पाण्यात कालवलेली पातळ पेस्ट लावा, पाच मिनिटांनी मऊ ब्रशने घासून धुवा. जुना डाग एका दिवसात जात नाही, तीन-चार अंघोळी लागतात. शेवटच्या बादलीत निळीचे चार-पाच थेंब घातले तर पिवळेपणा दबतो. त्याहून जास्त नको. निळसर पट्टे पडलेला बैल सगळीकडे हसं करतो.

या भागात अंघोळीपेक्षा वाळवणं अवघड. सकाळी नऊ-दहाला धुवा, पट्टीने किंवा हाताच्या कडेने पाणी निपटा, कोरड्या गोणपाटाने पुसा, आणि वारा येईल अशा सावलीत बांधा. संध्याकाळी धुतलेलं जनावर रात्रभर ओलं राहतं आणि घड्यांतून नायटा सुरू होतो: गोल, राखाडी, खपली धरलेले डाग, बहुधा डोळ्यांभोवती आणि मानेवर. तो दुसऱ्या जनावरांना आणि माणसांनाही लागतो. नायटा असेल तर त्या वर्षी प्रदर्शन विसरा. मुरबाड-शहापूरकडे जानेवारीत सकाळी गारवा असतो, तिथे पाणी कोमट घ्या.

केस कापणं

मशीन लावायचंच असेल तर प्रदर्शनाच्या दहा-बारा दिवस आधी, म्हणजे कापल्याच्या रेषा मिटतात. आधी अंघोळ, पूर्ण कोरडं, मगच मशीन. धुळीने पातं बोथट होतं आणि केस कापण्याऐवजी ओढतं. दर पाच मिनिटांनी पातं हाताच्या मागच्या बाजूला टेकवून बघा. चटका बसला तर थांबा आणि तेल द्या.

संकरित एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गाईचं डोकं, मान, कास आणि गोंड्याच्या वरची शेपूट कापतात. देशी जनावरावर एवढं काही करू नका. कानाच्या कडेचे, हनुवटीखालचे आणि बेंबीजवळचे लांब राठ केस, कासेवरचे केस, बस्स. पांढऱ्या केसाखाली काळसर कातडी असेल तर मशीन फिरवलेल्या जागी राखाडी चट्टा दिसतो आणि तो महिनाभर भरत नाही. कानाच्या आतले केस ठेवा, माश्या आणि धूळ तेच अडवतात.

शेपटीच्या गोंड्यातले शेणाचे गोळे दहा मिनिटं पाण्यात भिजवून बोटांनी सोडवा, कात्री नको. धुतल्यावर ओलसर असतानाच तीन पेडी सैल वेणी घाला आणि सकाळी सोडा, गोंडा भरदार दिसतो. रबर बँड केसांना बांधा, शेपटीच्या हाडाला नव्हे. रक्तपुरवठा तुटून टोक सडतं.

शिंगं आणि खूर

शिंगं काथ्याने धुवा, कोरडी झाली की बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवा आणि कापडावर दोन-तीन थेंब तेल घेऊन पुसा. शिंगं साळण्याचा हव्यास सोडा. आत जिवंत हाड आहे आणि पातळ झालेलं शिंग तडकतं. ऑइलपेंट तर लावूच नका. खूर तीन आठवडे आधी जाणकाराकडून तासून घ्या. आदल्या दिवशी तासले आणि जरा खोल गेलं तर जनावर लंगडतच रिंगणात येतं.

प्रवास आणि तो दिवस

शिळफाटा किंवा घोडबंदरच्या कोंडीत दुपारी टेम्पो अडकला तर घामाने सगळी मेहनत जाते. रात्री निघा. खाली अर्धा फूट कोरडा पेंढा, वर सुती झूल, प्लास्टिक किंवा नायलॉनची नको. कानातला पिवळा टॅग पुसून बारा अंक वाचता येतील असा करा. लम्पी त्वचारोगाच्या लसीची नोंद आणि आरोग्य दाखला जवळ ठेवा.

सकाळी फक्त खरारा, ब्रश, कापड. काळ्या किंवा लाल जनावराला चमक हवीच असेल तर कापडावर पाच-सहा थेंब खोबरेल चोळून ते कापड फिरवा. पांढऱ्याला तेल लावू नका, पिवळं दिसतं. डोळ्यांच्या कडा, नाकपुड्या, शेपटीखालची जागा यांना तीन वेगळी ओली फडकी वापरा. रिंगणात शिरण्याआधी वेसण आणि म्होरकीखालची घामाची रेघ पुसायची राहते, तिकडे लक्ष असू द्या.

शेजारच्याला ब्रश देऊ नका, घेऊही नका. घरी आल्यावर सगळे ब्रश साबणाने धुऊन, एक भाग ब्लीच आणि दहा भाग पाणी अशा मिश्रणात दहा मिनिटं बुडवा, स्वच्छ पाण्याने धुवा आणि उन्हात वाळवा. जनावर दोन-तीन आठवडे इतरांपासून वेगळं बांधा, आणि त्या दिवसांत त्याला आधी नव्हे, सगळ्यांत शेवटी खरारा करा.