मुद्देमाल कुठे गेला? तस्करीवर प्रबंधिका लिहिताना या चुका टाळा

पुण्यात एलएलएमच्या आणि राज्यशास्त्राच्या प्रबंधिका वाचायला लागून मला सतरा वर्षं झाली. दरवर्षी चार-पाच जण तरी हा विषय घेतात: यादवीतून सावरणारा देश, तिथली अमली पदार्थांची तस्करी आणि बाहेरच्या देशांची मदत. विषय मोलाचा आहे, म्हणूनच त्याच त्या चुका बघून जीव तुटतो.

सगळ्यात वाईट खोड म्हणजे जप्तीलाच यश मानणं. किती किलो पकडलं, किती कोटींचं होतं, की प्रकरण संपलं. माझ्या एका विद्यार्थिनीनं गिनी-बिसाऊ या पश्चिम आफ्रिकेतल्या देशावर लिहिलं होतं. २००६ च्या सप्टेंबरमध्ये तिथल्या पोलिसांनी ६७४ किलो कोकेन पकडलं, हे तिनं ‘सहकार्याचे फलित’ या मथळ्याखाली मांडलं. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एकच प्रश्न विचारला, “बरं, त्या मुद्देमालाचं पुढे काय झालं?” तिला सांगता येईना. मी मसुदा वाचला होता, पण हा प्रश्न मीही विचारला नव्हता, त्यामुळे ती गप्प बसली तेव्हा मान माझीही खाली गेली. घडलं होतं असं: सैनिकांनी तो साठा पोलिसांकडून काढून घेतला, सरकारी खजिन्यात ठेवला आणि तिथून तो नाहीसा झाला. मुद्देमालच नाही म्हटल्यावर खटला कशाच्या जोरावर उभा राहणार? १९९८-९९ च्या यादवीनंतर त्या देशात बंदूकवाल्यांपुढे न्यायाधीशाचा आदेश टिकत नव्हता, आणि तिच्या प्रबंधिकेचा खरा विषय तोच होता. त्याच देशात २०१९ मध्ये १.८ टनांहून अधिक कोकेन पकडलं गेलं आणि पुढच्या वर्षी आरोपींना शिक्षा झाल्या. तुलना करायचीच तर या दोन प्रकरणांची करा.

तेव्हापासून माझी सवय अशी: वहीत प्रत्येक जप्तीपुढे पाच रकाने आखायचे. कोणी पकडलं, मुद्देमाल कोणाच्या ताब्यात, नमुना कोणासमोर काढला, खटला कुठल्या कोर्टात, निकाल काय. रकाना रिकामा राहिला तर त्या जप्तीला यश म्हणायचं नाही. आणि विद्यार्थ्यांना मी आधी शिवाजीनगरच्या न्यायालयात एनडीपीएसच्या, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याच्या, सुनावणीला बसायला पाठवते. बचावाचा वकील सीलवर, पंचांवर, त्या कायद्याच्या कलम ५२अ खाली दंडाधिकाऱ्यासमोर काढायच्या नमुन्यांवर कसा तुटून पडतो ते एकदा बघितलं की किलोंचे आकडे आपोआप मागे पडतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतून मेफेड्रोन या कृत्रिम अमली पदार्थाचा प्रचंड साठा सापडला, तेव्हा अख्खं पुणे वजनाबद्दल आणि किमतीबद्दल बोलत होतं. मी मात्र वर्गात पाच रकाने आखले.

दुसरी चूक तितकीच जुनी. ‘नवा कायदा केला, न्यायव्यवस्था सुधारली’ असं एका वाक्यात उरकणं. कोसोवो बघा, म्हणजे तेव्हाचा सर्बियाचा प्रांत. संयुक्त राष्ट्रांचं प्रशासन १९९९ च्या उन्हाळ्यात तिथे आलं आणि त्यानं २४ मार्च १९९९ पूर्वीचा कायदा चालू ठेवला. तिथल्या अल्बेनियन वंशाच्या न्यायाधीशांनी तो नाकारला, कारण त्यांच्या दृष्टीनं तो सर्बियाच्या दडपशाहीचा कायदा होता. शेवटी डिसेंबरमध्ये प्रशासनाला माघार घ्यावी लागली आणि २२ मार्च १९८९ रोजी लागू असलेला, म्हणजे सर्बियानं कोसोवोची स्वायत्तता काढून घेण्याआधीचा कायदा स्वीकारावा लागला. मधले महिने पकडलेल्या माणसावर कुठलं कलम लावायचं याचाच वाद होता. तस्कराला याहून सोयीचं काय असतं? म्हणून कुठल्याही देशावर लिहिताना पहिला प्रश्न हा: त्या तारखेला तिथे कुठला कायदा चालत होता, आणि न्यायाधीश तो मानत होते का? याला आठवडा जातो. घाई असलेल्यांनी दुसरा विषय घ्यावा, असं मी स्पष्ट सांगते.

‘व्हिएन्ना करार’ एवढंच लिहू नका. १९६१ चा राजनैतिक संबंधांचा, १९६९ चा करारांच्या कायद्याचा आणि १९८८ चा अमली पदार्थांच्या तस्करीविरुद्धचा, तिन्ही व्हिएन्नाचेच. साल लिहा. १९८८ च्या कराराचं कलम ७ परस्पर कायदेशीर साहाय्याबद्दल, म्हणजे तपासात आणि खटल्यात देशांनी एकमेकांना करायच्या मदतीबद्दल आहे. ते मुळातून वाचा, कोणाच्या नोट्समधून नको.

इंटरपोलची रेड नोटीस म्हणजे आरोपीला शोधून तात्पुरतं ताब्यात घ्या अशी देशांना केलेली विनंती; ते अटक वॉरंट नव्हे. पोलिसांनी पोलिसांना दिलेली माहिती म्हणजे कोर्टात चालणारा पुरावाही नव्हे.

अफगाणिस्तानात २०२३ मध्ये अफूची लागवड सुमारे ९५ टक्क्यांनी घटली, हे आंतरराष्ट्रीय सहकार्याच्या खात्यात टाकू नका. ती तालिबानच्या एप्रिल २०२२ च्या बंदीनंतरची घट आहे. त्याआधी, २००२ पासून, अमली पदार्थांचं काम ब्रिटनकडे, पोलीस जर्मनीकडे आणि न्यायव्यवस्था इटलीकडे अशी वाटणी होती. पकडणारा, तपास करणारा आणि निवाडा करणारा यांना तीन वेगवेगळे देश घडवत होते. या वाटणीवर नीट लिहिलेली प्रबंधिका माझ्याकडे अजून आलेली नाही, आणि ती वाचायची मला फार इच्छा आहे.