एसी बसवण्याचं बिल मशीन घरी येण्याआधी कसं काढायचं

एसीची किंमत दुकानात कळते, पण तो बसवण्याची किंमत कळते टेक्निशियन शिडी लावून उभा राहिल्यावर. तोवर मशीन खोक्यातून बाहेर आलेलं असतं, भिंतीला भोक पडलेलं असतं आणि नाही म्हणायची सोय उरत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे मशीन स्वस्त झालं. बसवण्याच्या कामावर आधीपासूनच १८ टक्के होते, तिथे काही उतरलं नाही. म्हणून हे दुसरं बिल ऑर्डर देण्याआधी स्वतःच काढून ठेवायचं. त्यासाठी एक मेझरिंग टेप आणि अर्धा तास पुरतो.

‘फ्री इन्स्टॉलेशन’ म्हणजे बहुतेक वेळा फक्त मजुरी फुकट. तांब्याची जादा पाइप, बाहेरच्या युनिटचा स्टँड, ड्रेन पाइप, वायर, एमसीबी (जादा भार आला की वीज तोडणारा स्विच) आणि काँक्रीटमधलं भोक यांचे पैसे वेगळे लागतात. खोक्यात किती मीटर पाइप येते हे दुकानदाराला लेखी विचारा. बऱ्याच मॉडेलांत तीन मीटर येते, काहींत येतच नाही.

टेप घेऊन काय मोजायचं

आतलं युनिट छतापासून साधारण १५ सेंटीमीटर खाली आणि जमिनीपासून सात-साडेसात फुटांवर येतं. तिथून भोकापर्यंत आणि भोकातून बाहेरच्या युनिटपर्यंत पाइप ज्या वाटेने जाईल त्या वाटेने टेप धरा, सरळ रेषेत नाही. आलेल्या लांबीत वळणांसाठी अर्धा मीटर मिळवा. बाहेरचं युनिट खिडकीखाली असेल तर चार मीटरमध्ये भागतं, गच्चीवर न्यायचं असेल तर दहा मीटर सहज होतात. गच्चीवर न्यायच्या आधी सोसायटीची परवानगी आणि पाइप कुठून जाणार हे दोन्ही ठरवून घ्या.

लांबी वाढली की नुसती पाइप वाढत नाही. कारखान्यात भरलेला गॅस ठरावीक लांबीपुरताच असतो. ती लांबी आणि पुढच्या प्रत्येक मीटरला किती ग्रॅम गॅस लागतो हे मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. आर-३२ हा नव्या एसींतला गॅस वजनकाट्यावर मोजूनच भरायचा असतो. ‘अंदाजाने टाकतो’ म्हणणाऱ्याला टाकू देऊ नका.

आता दर. पुढचे आकडे ढोबळ आहेत आणि शहराप्रमाणे कमीजास्त होतात. दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, दीड टनाचा स्प्लिट, एकूण साडेपाच मीटर पाइप आणि त्यातली तीन मीटर खोक्यातली, असं धरू. मजुरी १५०० रुपये. जादा अडीच मीटर पाइप, इन्सुलेशन आणि जोडवायरसह ९०० रुपये मीटरने २२५०. लोखंडी स्टँड ९००. विटांच्या भिंतीत भोक ५००. ड्रेन पाइप तीन मीटर, १२० ने ३६०. मीटरबोर्डापासून स्वतंत्र वायर, सॉकेट आणि एमसीबी मिळून ३०००. बेरीज ८५१० रुपये. भिंत आरसीसीची, म्हणजे काँक्रीटची, असेल तर कोअर कटिंगचे, म्हणजे मशीनने गोल भोक पाडण्याचे, जास्त पडतात. बाहेरून दोर लावून लोंबकळत काम करायचं असेल तर त्याचे आणखी वेगळे, आणि ते मागितले तर घासाघीस करू नका. तो माणूस दुसऱ्या मजल्यावर लटकतो आहे.

पाइपमध्ये पैसे वाचवू नका

बाजारात स्वस्त पाइप मिळते कारण ती पातळ असते. गेजचा आकडा वाढतो तशी पाइप पातळ होते, त्यामुळे ‘२४ गेज’ ऐकून खूश होऊ नका. ०.८ मिलिमीटर किंवा त्याहून जाड मागा. आर-३२ जुन्या आर-२२ पेक्षा बऱ्याच जास्त दाबाने चालतो. पातळ पाइपचं टोक फ्लेअर करताना, म्हणजे जोडासाठी रुंदावताना, चिरतं, आणि ती चीर पुढच्या उन्हाळ्यात ‘गॅस संपला’ म्हणून समोर येते. एसीतला गॅस वापरून संपत नसतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय, आणि गळती न शोधता पुन्हा भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं.

दोन युनिटांमधल्या जाड आणि बारीक अशा दोन्ही पाइपांना वेगवेगळं इन्सुलेशन हवं. बहुतेक घरगुती स्प्लिटमध्ये गॅसचा दाब बाहेरच्या युनिटमध्येच उतरतो, त्यामुळे बारीक पाइपही थंड असते. ती उघडी ठेवली की पावसाळ्याच्या दमट हवेत तिला घाम सुटतो आणि भिंतीवर ओल चढते. लोक मग ड्रेनला दोष देत बसतात.

नव्या इमारतींत बिल्डरने पाइप भिंतीत आधीच पुरलेली असते. तिची टोकं झाकलेली होती का, जाडी आणि माप तुमच्या मशीनला जुळतं का, हे पाहा. एसी जोडण्याआधी नायट्रोजन भरून दाब टिकतो का ते तपासून घ्या. भिंत रंगवून झाल्यावर गळती सापडली तर भिंत फोडण्यापलीकडे इलाज नसतो.

काम चालू असताना कुठे लक्ष ठेवायचं

भोक बाहेरच्या बाजूला किंचित उतरतं हवं. आतलं युनिट ज्यावर टांगतात ती प्लेट पाणसळ लावून बसवायची. ड्रेनला मीटरमागे निदान एक सेंटीमीटर उतार द्यायचा, मध्ये कुठे झोळ नको, आणि तिचं टोक बादलीतल्या पाण्यात बुडलेलं नको. युनिट टांगून ड्रेन जोडली की लगेच आतल्या ट्रेमध्ये लिटरभर पाणी ओतून ते बाहेर पडतं का बघा. खालच्या मजल्यावरच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडत नाही ना, हेही त्याच वेळी कळतं.

बाहेरच्या युनिटच्या मागे मॅन्युअलमध्ये सांगितलेली जागा सुटायलाच हवी, आणि समोर मोकळी हवा हवी. बंद डक्टमध्ये किंवा ग्रिलला चिकटवून बसवलेलं युनिट स्वतःचीच गरम हवा परत ओढतं. मग बिल वाढतं आणि मे महिन्यात मशीन बंदही पडतं.

सगळ्यात जास्त चुकवलं जातं ते व्हॅक्यूम. पाइप जोडल्यावर आतली हवा आणि ओल व्हॅक्यूम पंपाने ओढायची असते, लहान लाइनलाही १५ ते २० मिनिटं. मग पंप बंद करून दहा मिनिटं दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा हलतो का पाहायचं. हलला तर गळती आहे किंवा ओल राहिली आहे. घाईतला टेक्निशियन पंप आणतच नाही. तो व्हॉल्व्ह थोडा उघडून गॅसनेच हवा ‘उडवतो’. काम दोन मिनिटांत उरकतं, पण ओल आत राहते, ती तेलाशी मिळून आम्ल बनवते आणि कॉम्प्रेसर पोखरते. शिवाय आर-३२ थोडाफार ज्वलनशील आहे, तो बंद खोलीत सोडायचा नसतो. म्हणून बुकिंग करतानाच विचारा: ‘व्हॅक्यूम पंप आणणार ना?’ शेवटी फ्लेअर नटांवर साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का बघा.

वायर आणि मीटर

दीड टनाच्या एसीला वेगळी वायर हवी, मिक्सर-फ्रिजच्या सर्किटवर नाही. मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापाची तांब्याची वायर आणि एमसीबी लावा. अंतर जास्त असेल तर चार चौरस मिलिमीटर बरी. आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) आणि खरी अर्थिंग नसेल तर आधी ती करा. इन्व्हर्टर एसीचं सर्किट बोर्ड महाग असतं. स्टॅबिलायझर लागेल का, हे युनिटवर छापलेली व्होल्टेजची मर्यादा आणि तुमच्याकडे संध्याकाळी येणारं व्होल्टेज पाहून ठरवा. मोठ्या शहरात बहुधा लागत नाही. गावाकडे उन्हाळ्यात शेतीचे पंप चालू असताना २०० व्होल्टच्या खाली उतरत असेल तर दोन-चार हजार बाजूला काढून ठेवा.

महावितरणच्या बिलावर मंजूर भार लिहिलेला असतो. गीझर, इस्त्री आणि एसी मिळून तो ओलांडणार असेल तर भारवाढीचा अर्ज आधी करा. एसीला लागणारे विजेचे युनिट मिळवले की घराचं बिल १०१ ते ३०० युनिटच्या टप्प्यातून वरच्या टप्प्यात जाऊ शकतं, आणि खरी महागाई तिथे असते. म्हणून तारे मोजण्यापेक्षा बीईईच्या (सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या) लेबलवर १६०० तासांचे म्हणून छापलेले वर्षाचे युनिट बघा. दोन मॉडेलांत २०० युनिटचा फरक असेल आणि तुमच्या टप्प्यातला दर १२ रुपये धरला तर वर्षाला २४०० रुपये. किमतीतला फरक त्याने भागा, किती वर्षांत वसूल होतो ते कळेल.

हॉट अँड कोल्ड घ्यावा का?

हॉट अँड कोल्ड एसी म्हणजेच हीट पंप. एका युनिट विजेत साध्या हीटरपेक्षा कितीतरी जास्त ऊब तो देतो, बहुधा तिप्पट. बसवण्याचा खर्च तोच, मशीन महाग. नाशिक-पुण्याच्या दोन-तीन आठवड्यांच्या थंडीसाठी हे पैसे वसूल होत नाहीत. दिल्लीत घर असेल तर गोष्ट वेगळी. घेतलाच तर बाहेरच्या युनिटलाही ड्रेनचा निपल (नळी जोडायचं तोंड) लावून घ्या. हिवाळ्यात पाणी तिथून गळतं.

भाड्याच्या घरात असाल तर काढून पुन्हा लावण्याचा खर्चही गृहीत धरा: काढण्याची मजुरी, नवी मजुरी आणि बहुधा थोडी नवी पाइप. काढताना आधी ‘पंप डाउन’ करून गॅस बाहेरच्या युनिटमध्ये कोंडून घ्यायला सांगा, नाहीतर नव्या घरी गॅसचंही बिल भरावं लागतं.